वाचून दाखविले, समजले, कबूल आहे

माझे शिक्षण मराठी सहा इयत्तांचे. व्हर्नाक्युलर फायनलला बसण्याआधीच वडील निवर्तले आणि पुस्तके मिटली. तरीही कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या ओट्यावर जे तीन अर्जनवीस बसत, त्यांत ज्याच्या मजकुरात कारकुनाला काना-मात्रेची चूक सापडत नसे तो मी होतो, हे येथे नमूद करण्यात मला संकोच वाटत नाही. इतर दोघांपैकी एक फायनल पास होता. लोक मात्र माझ्यापुढे येऊन बसत.

ही विद्या मी खालापूरच्या महालकरी कचेरीत एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली शिकलो. त्यांची शिकवण दोन गोष्टींत सामावलेली होती. अर्जाचा पहिला परिच्छेद अर्जदाराच्या सद्गुणांचा असावा. सरकार देणारे, आपण मागणारे. तेव्हा मागणाऱ्याने हात पुढे करण्याआधी आपली पात्रता मांडावी. आणि शेवटची ओळ नेहमी एकच असावी: वरील मजकूर वाचून दाखविला, तो समजला व कबूल आहे. त्याखाली अंगठा, अंगठ्याखाली साक्षीदार.

त्या शेवटच्या ओळीबद्दल जे सांगायचे आहे, ते सांगणे मला जड जाते. गर्दीच्या दिवशी कोण कोणाला वाचून दाखवणार? कागदावर अंगठा घरूनच उठवून आणलेला असे. माणूस घरी, अंगठा कचेरीत. मग ओट्यावर जो कोणी तोंडओळखीचा, सही येणारा इसम असेल त्याला म्हणायचे, जरा साक्ष घाला. तो घालत असे. या रिवाजाला आम्ही ‘ओट्याची साक्ष’ म्हणत असू. तहानलेल्याला तांब्या पुढे करावा तशी ती एक रीतभात होती आणि ती कोणी नाकारली तर तो माणूस शिष्ट समजला जाई. मी स्वतः अशा साक्षी किती घातल्या आणि किती घालायला लावल्या, याची मोजदाद नाही.

युद्धाचा काळ होता. रेशनकार्डांच्या अर्जांनी आमचा ओटा सकाळपासून भरून जाई. अशाच एका आषाढातल्या दिवशी भिवपुरीच्या वीजघरातला एक फिटर माझ्यापुढे येऊन बसला. मूळचा नगरकडचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, धर्माने ख्रिस्ती. त्याची आई नुकतीच गावाहून राहायला आली होती आणि तिचे नाव कार्डात चढवायचे होते. मी अर्ज लिहिला. त्याने खाली सही केली, ती इतकी वळणदार होती की मला कौतुक वाटले. त्याच वेळी माझ्या बैठकीशेजारी कडावचा एक जवान शेतकरी हक्कसोडीचा तयार कागद घेऊन उभा होता. कागद मीच लिहिलेला. त्याच्या विधवा चुलतीने आपल्या वाट्याचे भातखाचर पुतण्याच्या नावे सोडले, असा त्यातला मजकूर. अंगठा उठलेला होता. साक्षीदार तेवढा हवा होता.

“मिस्त्री,” मी फिटरला म्हणालो, “एवढी एक सही करा.”

“बाई कुठं आहे?”

“म्हातारी आहे हो. चिखलातून इतक्या लांब कशाला चालवायची?”

त्याने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी आत्ताच त्याचे काम करून दिले होते. भीड वाईट. त्याने सही केली आणि पुन्हा ती तशीच वळणदार आली.

गणपती होऊन गेल्यावर तो परत आला. भात पोटरीला आले होते आणि ओट्यावर गर्दी नव्हती. माझ्या शेजारी बसणारा स्टँपविक्रेता, ज्याला सारे चाचा म्हणत, पेटीवर हात ठेवून पेंगत होता. मिस्त्री समोर बसला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, अर्ज लिहायचा आहे. आमच्या मंडळीच्या पंचांना.”

मग त्याने समजावून सांगितले. वीजघराच्या चाळींत ख्रिस्ती कुटुंबे सात-आठ. दर रविवारी ती एका खोलीत प्रार्थनेला जमत. हीच त्यांची मंडळी. महिन्यातून एकदा कल्याणकडून पाळक येत आणि प्रभुभोजन होई, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला सर्वांमध्ये फिरे. लागोपाठ दोन महिने मिस्त्रीने तो प्याला न घेता पुढे सरकवला होता. पंचांनी कारण विचारले, तेव्हा त्याने लेखी देतो म्हणून सांगितले होते.

“कारण काय लिहू?”

“माझ्या हातून खोटी साक्ष झाली, असं लिहा. मला परत पंक्तीला बसायचं आहे.”

कोणती साक्ष, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. खोट्या साक्षी जगात पुष्कळ. माझे लक्ष पहिल्या परिच्छेदाकडे होते. त्यांच्या धर्मात दहा आज्ञा आहेत हे मी ऐकून होतो. त्या मी त्याला एकेक विचारून घेतल्या आणि प्रत्येकीचा सद्गुण करून टाकला. अर्जदार एकाच देवास भजतो. मूर्ती करीत नाही. देवाचे नाव वायफळ घेत नाही. रविवार पाळतो. वृद्ध मातेस आणून सांभाळतो. हत्या, व्यभिचार, चोरी यांपासून अलिप्त आहे. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरीत नाही. शेवटी मी लिहिले: येणेप्रमाणे दहा कलमांपैकी नऊ कलमे अर्जदाराने काटेकोर पाळलेली असून, केवळ एका कलमाच्या भंगाबद्दल त्यास पंक्तीबाहेर ठेवणे न्यायास धरून होणार नाही.

ते वाक्य मला इतके आवडले की मी ते मोठ्याने वाचले. चाचा जागा झाला.

मिस्त्री आधी हसला. मग गंभीर झाला. “खोडा हे, भाऊसाहेब.”

“का? खोटे आहे?”

“अर्धं खोटं आहे. लोभ काय, माझ्या मनात रोज असतो. पण सगळं खरं असतं तरी खोडाच म्हणालो असतो. याच्यावर मला आत घेणार असतील, तर मी बाहेरच बरा.”

माझ्या मजकुरावर असा शेरा आजवर कोणी मारला नव्हता. मी किंचित तापून म्हणालो, “मिस्त्री, मागणाऱ्याने पात्रता दाखवायची नाही तर काय दाखवायचे?”

“रिकामा हात. त्या पंक्तीला पात्रतेवर कुणीच बसत नाही. पाळकसुद्धा नाही. ख्रिस्तानं आमच्यासाठी जीव दिला, त्यावर भरवसा ठेवायचा आणि हात पुढं करायचा. तारण होतं ते तेवढ्यावर.”

“मिस्त्री,” चाचा मध्येच म्हणाला, “तुमच्या त्या अर्जाला स्टँप तरी लागतो का?”

“नाही, चाचा. बिनस्टँपाचा.”

“तौबा! मग आम्ही दोघांनी काय भाजी विकायची?”

आम्ही तिघेही हसलो. पण माझ्या मनात कायद्याचा मुद्दा उभा राहिला होता आणि तो सोडणे माझ्या स्वभावात नाही. मी विचारले, “नुसत्या भरवशावर काम होत असेल तर ती दहा कलमे ठेवली कशाला? रद्द का नाही केली?”

त्याने कचेरीच्या आवारात पाहिले. मोजणीवाले आपली लोखंडी साखळी उन्हात पसरून कड्या तपासत बसले होते.

“ती साखळी बघा. बांध कुणी किती सरकवला, ते ती सांगते. साखळीनं कधी कुणाला जमीन मिळाली आहे का?”

“छे. जमीन मिळते ती हक्काने, नाहीतर कोणी दिल्याने.”

“पण साखळी फेकून दिली, तर सरकवलेला बांध सरळच दिसायचा. आणि नऊ बांध जागेवर आहेत म्हणून दहावा सरकवलेला चालतो, असं मोजणीवाला म्हणतो का?”

मी टाक बुडवला. नवाच्या नऊ ओळी खोडल्या. त्यांच्या जागी आल्या तीन: माझ्या हातून खोटी साक्ष झाली आहे. माझ्यापाशी सांगण्याजोगे काही नाही. ख्रिस्तावर भरवसा ठेवून पंक्तीला येऊ इच्छितो. मला तो अर्ज उघडावागडा वाटला. त्यावर माझे अक्षर आहे हे कोणाला कळू नये, असेही वाटले.

“आता दुसरा अर्ज,” मिस्त्री म्हणाला. “मामलेदारसाहेबांना.”

तेव्हा त्याने ती हकीकत सांगितली. कडावची एक म्हातारी चाळींत ताक घेऊन येई आणि त्याच्या दारातही थांबे. श्रावणात एके दिवशी ती त्याच्या उंबऱ्यावर बसून रडू लागली. पुतण्याने रेशनकार्डाचा कागद म्हणून तिचा अंगठा घेतला होता. आता तलाठी म्हणतो, तुझे खाचर त्याच्या नावे चढणार, फेरफाराची नोंद पडली आहे. म्हातारीने मिस्त्रीच्या बायकोला सांगितले, साक्षीला कोणी इजंच्या कारखान्यातला किरिस्ताव हाय म्हंत्यात, त्याचं वाटोळं व्हईल. मिस्त्री आत बसून तिचेच ताक पीत होता.

“फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे,” तो म्हणाला. “येत्या गुरुवारी साहेबांपुढे निघणार आहे. त्याच्या आत मला लिहून द्यायचं आहे की मजकूर तिला वाचून दाखवलेला मी पाहिला नाही आणि अंगठाही उठताना पाहिला नाही.”

मी टाक खाली ठेवला. तो कागद लिहिणारा मी. साक्ष मागणारा मी. माझा बसण्याचा परवाना साहेबांच्या एका शेऱ्यावर जाणार होता आणि परवान्यावाचून मी म्हणजे सहा इयत्ता शिकलेला एक मनुष्य, एवढेच उरत होते.

मी त्याच्याच शस्त्राने त्याला अडवू पाहिले. “मिस्त्री, भरवशावर माफी मिळते हे तुम्हीच आत्ता म्हणालात. मग मिळाली की!”

“मिळाली.”

“मग मामलेदाराकडे मरायला कशाला जाता? देवाने फाईल बंद केली, तुम्ही का उघडता?”

“माफी मिळावी म्हणून जात नाही, भाऊसाहेब. मिळाली आहे म्हणून जाववतं. मिळाली नसती तर दोन महिने लपलो तसा पुढंही लपलोच असतो.” मग त्याने मलाच विचारले, “तुम्ही दत्तकपत्रं लिहिता ना? दत्तक जायचं पोर आधी घरकाम करून दाखवतं काय?”

“नाही. आधी मांडीवर घेतात, साखर वाटतात. कागद मागाहून.”

“आणि त्यानंतर ते गोठ्यातलं शेण काढतं का नाही?”

“काढणारच. घर त्याचे झाले.”

“बस्स. शेण काढल्यामुळं घर मिळालं नाही. पण घर माझं म्हणायचं आणि गोठा तसाच ठेवायचा, हे कसं?”

इतका स्वच्छ युक्तिवाद मी वकिलांच्या तोंडूनही क्वचित ऐकला आहे. तरी माझी भीती त्याने हलली नाही. मी म्हणालो, “तुमचे अक्षर माझ्याइतके चांगले आहे. तुम्हीच लिहा. मला कशाला यात ओढता?”

“तुमच्या पाठीमागं द्यायचा नव्हता म्हणून आलो,” तो म्हणाला.

मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. तो येणार नाही, अशी मला आशा होती.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि एकटा आला नाही. म्हातारी त्याच्या पुढे चालत होती. तो साक्षीदार आपणच, हे त्याने तिला सकाळी कडावला जाऊन सांगितले होते. तिने काय केले असे मी मागाहून विचारले, तेव्हा तो म्हणाला की तिने ताकाची रवी त्याच्या अंगावर उगारली आणि मग खाली ठेवून दिली.

ओट्याची पायरी चढताना तिने माझ्याकडे रोखून पाहिले. “त्यो कागद तूच लिवलास काय रं?”

“हो, मावशी.”

“आन् खाली काय लिवलंस? मला वाचून दावला म्हून?”

“हो.”

“मंग का नाय दावलास? मी काय मेलेली हुते? कडाव काय ईलायतेत हाय?”

चाचाने पेटीचे झाकण उगीचच उघडले आणि मिटले. मला वीस वर्षांच्या लेखनव्यवसायात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण ती ओळ आजवर कोणी वाचलीच नव्हती. ती फक्त मी लिहीत आलो होतो.

मी बैठक झाडली आणि अर्ज लिहिला. सद्गुणांचा परिच्छेद घातला नाही. लिहून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, “वाचून दाखवा.” मग मी संपूर्ण अर्ज त्या दोघांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. सही केली तेव्हा बाई हजर नव्हती. मजकूर तिला वाचून दाखवल्याचे मी पाहिले नाही. सही खोटी आहे. स्वतःच्या तोंडून ती वाक्ये ऐकत असताना माझ्यातल्या अर्जनविसाला त्या मजकुरात एक भोक दिसले.

“मिस्त्री, यात एक गोष्ट सुटली आहे. सही कोणाच्या सांगण्यावरून केली, ते नाही.”

“ते माझ्या कागदात येत नाही. माझ्या कागदात मी माझंच लिहिणार.”

“आन् याचं कोन लिवनार?” म्हातारी म्हणाली. ते भोक मी तसेच ठेवले आणि अर्ज आत गेला.

गुरुवारी साहेबांनी मिस्त्रीला पुढे बोलावले. पुतण्या भिंतीला लागून उभा होता. म्हातारी खाली बसली होती. रिवाजाप्रमाणे अर्ज लिहिणारा मी दाराशी होतो. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “न पाहता सही करायला तुम्हांला कोणी सांगितलं?”

“सही माझी आहे, साहेब.”

“ते दिसतं आहे. सांगितलं कोणी?”

मिस्त्री बोलला नाही. कोणी सांगितले नाही, असे एक वाक्य म्हटले असते तर प्रश्न मिटला असता. ते वाक्य तो म्हणणार नाही हे मला ठाऊक होते, कारण ते दहांतले तेच कलम होते. माझे नाव घेणार नाही हेही मला ठाऊक होते. साहेबांचा आवाज चढला. “उत्तर देणार नसाल तर मला तुमच्यावर वेगळा कागद करावा लागेल.”

त्या क्षणी मला धैर्य आले, असे लिहिले तर ते खोटे होईल. माझ्या डोळ्यांपुढे तो अर्ज होता आणि त्यातले ते भोक. माझ्या हातचा अपुरा मजकूर साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि त्यापायी एक माणूस अडकत होता. मी आत पाऊल टाकले.

“साहेब, मी सांगितले. कागदही मीच लिहिला. बाईस वाचून दाखवला नाही.”

फेरफार नामंजूर झाला. मिस्त्रीला समज देण्यात आली. पुतण्याला साहेबांनी जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही. माझा परवाना होळीपर्यंत काढून घेण्यात आला. म्हातारी बाहेर आली, खाचर राहिले म्हणून मिस्त्रीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली.

पुढच्या प्रभुभोजनाला मिस्त्रीने मलाही नेले. चाळीतली खोली, दोन बाके, खिडकीत झेंडूचा पेला. पाळकांनी माझ्या अक्षरातल्या त्या तीन ओळी वाचल्या आणि विशेष काही न बोलता भाकर मोडली. मिस्त्रीने ती दोन्ही हातांनी घेतली. प्याला पुढे सरकवला नाही. परतताना मी विचारले, “साहेबांपुढे खरे बोललात म्हणून घेतले ना?”

“नाही, भाऊसाहेब. त्यांनी पहिल्या महिन्यातही घेतलं असतं. मीच हात पुढं करत नव्हतो.”

मी ख्रिस्ती झालो नाही आणि त्याने कधी तसे सुचवलेही नाही. ते पाच महिने मी खालापूरला थोरल्या भावाकडे काढले. तेथील कचेरीच्या ओट्यावरून जाणे मात्र टाळले.

होळीनंतर मी कर्जतला परत बैठक मांडली. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. राकेलच्या कार्डाचा अर्ज हवा होता. इतके दिवस ती का थांबली, हे मी विचारले नाही. मी जुन्या सवयीने सुरुवात केली आणि लिहून झाल्यावर न सांगता वाचू लागलो: अर्जदार ही गरीब, वृद्ध, सदाचारी व सरकारशी एकनिष्ठ असून...

“ही कोन?” तिने विचारले.

“तुम्ही, मावशी.”

“त्या सायबाला माजं कवतिक कशाला? घरात राकेल नाय, येवढंच लिव.”

मी नवा कागद घेतला. तेवढेच लिहिले. वाचून दाखवले. तिने एकदा पुन्हा वाचायला लावले आणि मग म्हणाली, “समाजलं. कबूल हाय.” मी शाईची गादी पुढे केली. पण तिने अंगठा मागे घेतला.

“साक्षीला कोन?”

मी ओट्यावर पाहिले. चाचा सही करायला सरसावला होता.

“त्यो नगं. माजा इजंवाला बोलाव. आता त्यो बगितल्याबिगर सही करायचा नाय.”

मिस्त्रीची पाळी सुटायला अजून दोन तास होते. एका हमालाबरोबर भिवपुरीला निरोप धाडला. म्हातारीने पदराने ओट्याची धूळ झटकली आणि ती माझ्या बैठकीला टेकून बसली. कागद आमच्या दोघांमध्ये होता, त्यावर अंगठा अजून उठायचा होता, आणि आम्ही मिस्त्रीची वाट पाहत राहिलो.